टर्नटेबलखाली काय ठेवावे आणि ते किती मऊ असावे

एलपीच्या खोबणीतून सुई जी हालचाल टिपते, ती पुष्कळदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते. त्यामुळे टर्नटेबलखालच्या फळीचा बारीकसा कंपसुद्धा संगीतात मिसळतो आणि अॅम्प्लिफायर त्यालाही तितक्याच इमानाने मोठे करतो. हा कंप दोन वाटांनी येतो, पावलांनी हादरणाऱ्या जमिनीतून आणि स्पीकरच्या आवाजातून. दोन्हींवरचे उपाय वेगळे असल्याने टर्नटेबलखाली बसवायचे कंप अडवणारे रबरी किंवा स्प्रिंगचे पाय विकत घेण्यापूर्वी आपल्या घरातले दुखणे ओळखावे.

त्यासाठी मोटर बंद ठेवून थांबलेल्या तबकडीवर सुई अलगद टेकवावी, आवाज हळूहळू नेहमीच्या पातळीपर्यंत न्यावा आणि बोटाच्या पेराने फळीवर हलकेच ठोकावे. स्पीकरमधून येणारा ‘धप्’ जितका मोठा आणि लांबलेला, तितका कंप सुईपर्यंत पोहोचतो आहे. आवाज वाढवताना खर्जातली घुमघुम आपोआप वाढू लागली, तर आवाज ताबडतोब कमी करावा. स्पीकरचाच आवाज सुईवाटे परत फिरत असल्याची ती खूण आहे.

जुन्या वाड्याच्या किंवा कोकणातल्या घराच्या लाकडी माडीवर चालताना सुई उडत असेल, तर मऊ पायांवर पैसे घालू नयेत. अशी जमीन सेकंदाला मोजकेच हेलकावे घेते, आणि इतक्या संथ हालचालीला स्प्रिंग किंवा रबर अडवत तर नाहीच, उलट कधीकधी ती वाढवते. तेथे भक्कम विटांच्या भिंतीत ब्रॅकेट पक्के बसवून त्यावर टर्नटेबल ठेवणे हाच खरा उपाय. काँक्रीटच्या स्लॅबवर हा त्रास सहसा कमी असतो.

दुखणे स्पीकरचे असेल, तर आणि स्पीकर टर्नटेबलच्याच शोकेसवर असतील, तर सर्वप्रथम ते तेथून खाली उतरवावेत. या एका बदलाने होणारा फरक महागड्या पायांनीही होत नाही. त्यानंतर मऊ आधाराचा विचार करावा, आणि येथे वजनाचे गणित टाळता येत नाही. भाराखाली स्प्रिंग १ मिलिमीटर दबली, तर तिची स्वतःची कंपनसंख्या सुमारे १६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १६ कंप, येते, ४ मिलिमीटर दबली तर ८ आणि १० मिलिमीटर दबली तर ५. या आकड्याच्या साधारण दीडपटीच्या वरचाच कंप अडतो, तर त्या आकड्याच्या आसपासचा कंप वाढतो. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाची, सुई बसवलेली डबी) यांची जोडी स्वतःच बहुधा ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान डोलत असल्याने आधाराचा आकडा त्याच पट्ट्यात येऊ देऊ नये. स्प्रिंग घ्यायची तर ५ हर्ट्झ किंवा त्याहून खालची घ्यावी.

माझी चूक नेमकी येथेच झाली होती. माझे टर्नटेबल जेमतेम ५ किलोचे आणि आणलेले चार रबरी पाय बऱ्याच जास्त वजनासाठी बनवलेले. ते दबलेच नाहीत, आणि ठोकल्यावर ‘धप्’ पूर्वीइतकाच येत राहिला. मग ओट्याच्या कामातून उरलेला, ५० बाय ४० सेंटिमीटरचा, २ सेंटिमीटर जाडीचा कडप्पा टर्नटेबल आणि पाय यांच्यामध्ये घातला. त्याच्या सुमारे १० किलो वजनाने पाय नीट दबले आणि तो आवाज अगदी दूरचा वाटावा इतका उतरला. पाय घेताना म्हणूनच त्यावर छापलेली भारमर्यादा पाहावी आणि कडप्प्यासह एकूण वजन चारांत वाटून तिच्याशी ताडून घ्यावे.

मोटर आणि तबकडीमुळे वजन एका बाजूला झुकते, तेव्हा चारही पाय सारखे दबेपर्यंत ते सरकवत राहावे आणि शेवटी तबकडीच्या थाळीवर पाणसळ ठेवून पातळी तपासावी. मागच्या वायरींना ढील द्यावी, कारण ताणलेली जाड वायर कंपासाठी पुलाचे काम करते.

१९६१ सालच्या अकूस्टिक रिसर्च एक्सए या टर्नटेबलप्रमाणे काही यंत्रांच्या आतच स्प्रिंगा असतात. त्यांच्याखाली आणखी स्प्रिंगा घालू नयेत, कारण दोन झोके एकमेकांना हलवत राहतात. त्यांना हलकी पण ताठ फळी मानवते. ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरखाली मात्र यातले काहीच लागत नाही.