नाशिकहून निघताना: एसटी, रेल्वे, ट्रॅव्हल्स की आपली गाडी?

‘मुंबईला रेल्वेने साडेतीन तास’ असं कुणी म्हणालं की आधी विचारायचं, कुठून कुठे? हे साडेतीन तास नाशिकरोड ते सीएसएमटीचे. गंगापूर रोडवर राहणाऱ्याला नाशिकरोड गाठायलाच पाऊण तास लागतो, द्वारका चौकात अडकलात तर त्याहून जास्त. म्हणून तुलना नेहमी दारापासून दारापर्यंत करावी.

पहिलं काम: प्रवासाचे तुकडे पाडा

घर ते स्टेशन, तिथलं थांबणं, मुख्य प्रवास आणि उतरल्यावर पुढचा पल्ला. प्रत्येकापुढे वेळ आणि पैसे लिहा. मधला तुकडा सगळेच मोजतात. फसगत होते ती दोन टोकांना. काम फोर्टात असेल तर रेल्वेला तोड नाही. तेच भिवंडीत असेल तर रेल्वेने कल्याणला उतरून पुन्हा रस्त्याने जावं लागतं, त्यापेक्षा महामार्गाने जाणारी एसटी बरी.

रोजचं जाणं-येणं

सातपूर-अंबडला कामाला जाणाऱ्यांनी सिटीलिंकचं वेळापत्रक शिफ्टच्या वेळेशी ताडून पाहावं. महापालिकेची ही बससेवा जुलै २०२१ पासून आहे. बस वेळेत मिळत असेल तर पास काढा. रात्रपाळी सुटताना बस नसेल तर दुचाकी किंवा शेअर रिक्षा, त्यात फार डोकं लावण्यासारखं काही नाही.

मुंबई

सकाळी जाऊन रात्री परत यायचं असेल तर पंचवटी एक्स्प्रेस. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून निघते, संध्याकाळी सव्वासहाला सीएसएमटीहून परत फिरते. परतताना बहुतेक गाड्या कसाऱ्याला थांबतात, कारण थळ (कसारा) घाटाचा १:३७ चढ, म्हणजे ३७ मीटरमागे एक मीटर, चढायला मागून बँकर इंजिन जोडावं लागतं. तो वेळ वेळापत्रकात धरलेलाच असतो, घड्याळाकडे बघत बसू नका. आरक्षण मिळालं नाही तर शेअर टॅक्सीने कसारा आणि तिथून लोकल हा जुना नाशिककर मार्ग आहेच. सामान आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर मात्र हा उद्योग नको.

पुणे: इथे हिशेब खरा रंगतो

नाशिक-पुणे थेट रेल्वेमार्ग नाही. रेल्वेने जायचं तर कल्याणचा वळसा पडतो, तेव्हा सिन्नर-संगमनेर-नारायणगाव हाच रस्ता, साधारण २१० किलोमीटर. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर १४ लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरले तर १,४७० रुपये झाले. टायर, सर्व्हिसिंगची झीज किलोमीटरमागे दोन रुपये धरा, आणखी ४२०. वर टोल. ही झीज कुणी धरत नाही, म्हणून गाडी स्वस्त वाटते.

आता एसटी. ७८ वर्षांचे आजोबा, सत्तरीची आजी, सूनबाई आणि तुम्ही असे चौघे निघालात. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. म्हणजे चार माणसांत दोन तिकिटांचे पैसे. ई-शिवाईचं, म्हणजे एसटीच्या विजेवरच्या एसी बसचं, तिकीट काढलंत तरी गाडीपेक्षा स्वस्तच. आजोबांचं आधार कार्ड तेवढं विसरू नका. पण आजोबांना तासातासाने उतरावं लागत असेल तर पैसे गेले तरी चालतील, आपली गाडी काढा. कंडक्टर कितीदा बस थांबवणार? ट्रॅव्हल्समध्ये या सवलती नाहीत.

रात्रीचा लांबचा प्रवास

नागपूरसारख्या पल्ल्याला माझा कौल रेल्वेच्या बर्थला. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं सकाळी दहाला, बिगर एसीचं अकराला. ते हुकलं तर स्लीपर ट्रॅव्हल्स. चढल्यावर संकटकालीन दार आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे ते आधी बघा, मग चादर पसरा. ऑक्टोबर २०२२ मध्ये इथेच, नाशिकच्या संभाजीनगर रस्त्यावर, पहाटे अपघातानंतर स्लीपर बस पेटली आणि दहाहून जास्त प्रवासी गेले.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, पण ७०१ किलोमीटरच्या त्या सरळ रस्त्यावर डोळा लागायला वेळ लागत नाही. रात्री निघणार असाल तर गाडी चालवणारे दोघं हवेत. निघण्याआधी टायरमधली हवा तपासा. फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, समृद्धीवर तो चालत नाही. दुचाकीला तिथे मुळातच बंदी.

सिंहस्थात

२०२७ च्या पर्वणीला वरचे सगळे हिशेब बाजूला ठेवा. २०१५ मध्ये बाहेरगावच्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवून भाविकांना बसने आत आणलं होतं. पाहुणे येणार असतील तर त्यांना गाडी घेऊन येऊ नका म्हणावं. रेल्वेचं तिकीट, आरक्षण उघडेल त्याच सकाळी, आठच्या ठोक्याला काढायला सांगा.