लहान मुलांना घेऊन तीन दिवस मुंबई: निघण्याआधीची तयारी

मुंबईत काय काय बघायचं याची यादी केली असेल तर आधी ती अर्ध्यावर आणा, मग उरलेल्यातलंही निम्मं खोडा. तीन आणि सहा वर्षांची पोरं बरोबर असली की दिवसाला एक ठिकाण आणि संध्याकाळी पळायला एक मोकळी जागा, एवढंच झेपतं. गेटवे, घारापुरी, राणीची बाग, हँगिंग गार्डन, सिद्धिविनायक आणि जाता जाता जुहू हा बेत घरी सोफ्यावर बसून झकास दिसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता भायखळ्याच्या फुटपाथवर धाकटी बसकण मारते आणि उठायला तयार नसते, तेव्हा बेताचे बारा वाजलेले असतात. ही यादी पुण्याहून जाणाऱ्यांच्या हिशोबाने लिहिली आहे. नाशिककरांनी डेक्कन क्वीनच्या जागी पंचवटी आणि कोल्हापूरकरांनी महालक्ष्मी वाचावं, बाकी सारं तेच.

तिकिटांच्या आधी कॅलेंडर हातात घ्या. राणीची बाग बुधवारी बंद असते, आणि बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी राहून दुसऱ्या दिवशी बंद. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, वरळीचं नेहरू तारांगणही सोमवारीच बंद. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक, त्यात गाड्या कमी आणि जलद गाड्या धीम्या मार्गावर, शिवाय सगळी मुंबई पोरांना घेऊन बाहेर पडलेली. म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवार हे तीन वार उरले. पहिलीतल्या मुलाची दोन दिवस शाळा बुडाली तर आभाळ कोसळत नाही. महिना म्हणाल तर नोव्हेंबर-अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा. दिवाळीच्या सुट्टीत राणीच्या बागेतल्या पेंग्विनच्या रांगेतच दुपार जाते, मे महिन्यात घामोळं आणि चिडचिड, आणि जुलैत भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की हिंदमातापाशी काय होतं ते दरवर्षी बातम्यांत पाहतोच आपण.

वार ठरले की रेल्वेचं आरक्षण. ते साठ दिवस आधी उघडतं, आणि चौघांना सलग जागा हव्या असतील तर तेव्हाच करून टाका. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण जागाही मिळत नाही, ते मांडीवर. पाच ते बारा वयाच्या मुलांना अर्धं तिकीट ही सवय लोकलपुरती ठेवा, चेअर कार आणि सेकंड सिटिंगच्या आरक्षणात त्यांचे पूर्ण पैसे लागतात. माझं मत विचाराल तर तीन वर्षांच्या मुलालाही जागा घ्यावी. मांडीवरचं मूल लोणावळ्यापर्यंत गोड वाटतं, खंडाळ्याचे बोगदे संपेपर्यंत पायाला मुंग्या आलेल्या असतात. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला निघते आणि सव्वादहा-साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोचते. १९३० पासून धावणाऱ्या या गाडीला अजून डायनिंग कार आहे. टेबलाशी बसून चालत्या गाडीत ऑम्लेट खायचं, हे मुलांच्या लेखी अख्ख्या सहलीतलं एक मोठं आकर्षण असतं. ते वेगळं प्रेक्षणीय स्थळ म्हणूनच धरा आणि घरून पोटभर नाश्ता करून निघू नका. मोटारीने जायचं असेल तर घाटात उलटी होणाऱ्या मुलासाठी डॉक्टरांना विचारून औषध, दोन जादा टीशर्ट आणि कागदी पिशव्या हाताशी ठेवा, डिकीत नाही.

राहायचं कुठे, यावर घरात एक प्रवेश ठरलेला. माटुंग्याच्या आत्याचा फोन येणार, "अगं, घर असताना हॉटेलात कशाला पैसे घालता?" आत्याचं प्रेम खरं आहे, पण वन-बीएचकेत सात माणसं, सकाळी एकच बाथरूम आणि पोरांनी काही सांडलं की आपलाच जीव खालीवर. एका रात्रीचं जेवण आत्याकडे, झोपायला आपलं आपण, हा तोडगा सगळ्यांना मानवतो. खोली दादर-माटुंगा भागात बघा. दक्षिण मुंबईच्या मानाने दर जरा बरे असतात, आणि राणीची बाग, वरळी, मरीन ड्राइव्ह सगळं एका टप्प्यात येतं. बुकिंग करण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा: लिफ्ट चालू आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, खिडकीला जाळी आहे का, आणि जादा गादीचे किती. फोटोत यातलं काहीच दिसत नाही. मुलांची आधार कार्डं बरोबर घ्या, पाच वर्षांखालच्यांचं निळं बाल आधार चालतं.

आता सामान. बाबागाडी घरी ठेवा. मुंबईच्या फुटपाथवर उखडलेले पेव्हर ब्लॉक, मांडलेली दुकानं आणि मध्येच उभी केलेली मोटारसायकल यांतून ती हाकणं म्हणजे एक कसरत, आणि रेल्वेच्या पुलावर ती उचलूनच न्यावी लागते. छातीशी किंवा पाठीशी बांधायची कांगारू पिशवी असेल तर उत्तम, नसेल तर आळीपाळीने कडेवर. मोठी बॅग एकच, चाकांची. दिवसभर फिरायची सॅक वेगळी, आणि तिच्यात रोज सकाळी तेच सामान त्याच कप्प्यात: दोन पाण्याच्या बाटल्या, प्रत्येक मुलाचा कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून, ओल्या कपड्यांसाठी रिकामी पिशवी, पेपर सोप, वाइप्स, दोन जादा डायपर. डायपर सुटलेल्या मुलालाही प्रवासाचे तीन दिवस घालायला हरकत नाही, त्यात कसली आली लाज! स्वच्छतागृह दिसलं की "लागली का?" असं विचारत बसू नका, सरळ घेऊन जा. संग्रहालयात, मॉलमध्ये, उडप्याकडे बसला असाल तेव्हा निघण्याआधी सगळ्यांनी जाऊन यायचं, हा नियम मोठ्यांनाही लागू.

खाऊच्या डब्यात चुरा होणारं काही नको. धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, केळी, राजगिऱ्याच्या वड्या. भाताशिवाय न झोपणारं मूल असेल तर मेतकुटाची छोटी बाटली न्या, साधा भात कुठेही मिळतो. औषधांत तापाचं सिरप, वजनाप्रमाणे किती मिली ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घेऊन, कारण रात्री दोनला आठवत नाही. थर्मामीटर, बँडेडच्या पट्ट्या, डासांचं मलम. ओआरएसची भुकटीची पाकिटं घरूनच घ्या. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएसच्या नावाखाली बरीच वर्षं विकली गेली. तसं नाव लावायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२५ मध्ये मनाई केली, तरी दुकानदार मागितल्यावर तेच पुढे करतो.

निघायच्या आदल्या आठवड्यात मुलांचीही थोडी तयारी करा. आईचा किंवा बाबांचा मोबाइल नंबर सहा वर्षांच्या मुलाला पाठ हवा. आकडे चालीत म्हणायला लावले की दोन दिवसांत येतो. धाकट्यांसाठी नंबर कापडी पट्टीवर लिहून शर्टाला आतून शिवा. नाव बाहेरून दिसेल असं कुठेही लिहू नका, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल त्याला ओळखीचा समजतं. "चुकलास तर जिथे आहेस तिथेच थांब, आम्ही परत येतो" हे वाक्य घरीच चार वेळा घोकून घ्या. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक मोठ्यांनी मोबाइलमध्ये साठवून ठेवावा.

लोकलचं वेगळं सांगते. मुलांना लोकल दाखवायचीच, पण दुपारी साडेअकरा ते साडेतीनच्या दरम्यान, आणि जमलं तर फर्स्ट क्लासने किंवा एसी लोकलने. चढताना एक मोठं माणूस पुढे, मुलं मध्ये, दुसरं मोठं मागे. आणि चुकून कुणी फलाटावर राहिलंच तर काय, हे गाडीत बसण्याआधी ठरलेलं हवं: जे गाडीत आहेत त्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं, मागे राहिलेल्यांनी पुढच्या गाडीने तिथे यायचं. दोघांनीही एकमेकांना शोधायला निघालात तर चुकामूक ठरलेली. भुयारी मेट्रो तीन तर मुलांसाठी वरदानच. दादर, विज्ञान केंद्र, चर्चगेट, सीएसएमटी एकाच मार्गावर, लिफ्ट आहेत, थंडावा आहे आणि नव्वद सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिकीट नाही. खाली गेल्यावर फोनला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा तिकीट वरच काढा. रिक्षा मात्र वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला शहरात येत नाहीत. पुण्याची पोरं पहिल्यांदा हेच विचारतात, "इथे रिक्षा का नाही?" काळी-पिवळी टॅक्सी एकतीस रुपयांपासून सुरू होते, सुटे पैसे जवळ ठेवा.

प्रत्यक्ष दिवसांची आखणी अशी जमते. गुरुवारी सीएसएमटीला उतरलात की लगेच टॅक्सी शोधू नका. बाहेर येऊन रस्त्याकडून त्या इमारतीकडे दहा मिनिटं बघा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. त्यानंतर मुलांना दगडात कोरलेले प्राणी शोधायला लावा: मोर, माकडं, खारी, घुबडं, आणि कोपऱ्यांतून तोंड बाहेर काढून बसलेले ते विचित्र जीव. १८८७ साल आणि जागतिक वारसा वगैरे त्यांना नंतर कळेल, माकड कुणाला आधी दिसलं यावरून भांडण आत्ता होतं. मग खोलीवर जायचं, जेवायचं, झोपायचं. संध्याकाळी शिवाजी पार्क. पोरं मैदानात, आपण कट्ट्यावर. मुंबईत याहून स्वस्त आणि बरं काही नाही.

शुक्रवारी सकाळी उघडताच राणीची बाग. पेंग्विन आधी करून घ्या, अकरानंतर शाळांच्या सहली येतात. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आले, त्यांची पिल्लं इथलीच. काचेपाशी गारवा असतो, मुलं हलायला तयार नसतात. बागेच्याच आवारात भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे, तो चुकवू नका. घारापुरी बेटाला एलिफंटा हे नाव ज्याच्यामुळे पडलं तो हाच. इंग्रज १८६४ मध्ये तो उचलून विलायतेला न्यायला निघाले तेव्हा तुटला, आणि तुकडे पुढे इथे जोडले. सांधे नीट पाहिले तर दिसतात. जवळच काळ्या घोड्यावरचा एडवर्ड राजा आहे, म्हणजे काळा घोडा चौकाला नाव देणारा मूळ घोडाही इथेच. तासाभराची बोट, त्यानंतर शंभरावर पायऱ्या आणि हातातलं बिस्कीट पळवणारी माकडं, हे सगळं पाच वर्षांखालच्यांना घेऊन करण्यापेक्षा घारापुरीचा हत्ती भायखळ्यात बघावा, या मताची मी आहे. लेणी दहा वर्षांनीही तिथेच असतील.

शनिवारी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. आत जाण्याआधी बाहेरचं उद्यान, कारण तिथे वाफेचं इंजिन आहे, ट्राम आहे, आणि हात लावू नका असं कुणी ओरडत नाही. आतली दालनं मोठ्याला आवडतात, धाकट्याला तासाभराने कंटाळा येतो, तेव्हा आईबाबांनी वाटून घ्यावं. तारांगणाचा खेळ चार वर्षांखालच्यांना नको, अंधार झाला की रडारड. आजोबा मरीन ड्राइव्हच्या मत्स्यालयाची आठवण काढून मासे कबूल करून बसतील, त्यांना आधीच गाठून सांगा की तारापोरवाला कोविडपासून बंद आहे. संध्याकाळी सीएसएमटीकडून नरिमन पॉइंटला जाणाऱ्या बेस्टच्या एसी डबलडेकरचं चौकशीवरून जमवा, वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट. जुन्या लाल डिझेलच्या दुमजली बसगाड्या २०२३ मध्ये बंद झाल्या, पण मुलांना त्याचं सोयरसुतक नाही. गिरगाव चौपाटीवर जायचं तर ओहोटीची वेळ पाहून, पाण्यात पाय घालायचा हट्ट न पुरवता, फावडं-बादली घेऊन.

जेवणाचं फार डोकं लावू नका. माटुंगा स्टेशनसमोरच्या रामा नायकांच्या उडप्याकडे, १९४२ पासूनच्या, दहीभात आणि रस्सम मिळालं की बहुतेक मुलं निमूट जेवतात, फक्त सोमवारी ते बंद असतं. दादरच्या प्रकाशमध्ये मोठ्यांना साबुदाणा वडा, छोट्यांना पियूष. जेवायची वेळ बाराची धरा, एक वाजता रांग आणि भूक दोन्ही हाताबाहेर जातात. बर्फाचा गोळा, चौपाटीवरची पाणीपुरी यांवर आपापला निर्णय. आमच्याकडे गोळा शेवटच्या संध्याकाळी, म्हणजे घसा धरलाच तर घरी धरतो.

परतीची डेक्कन क्वीन पाच वाजून दहा मिनिटांची आहे, पण शनिवारची चौपाटी आणि ही गाडी एकत्र बसत नाहीत. रविवारी सकाळचीच गाडी घ्या, तीही सीएसएमटीहून. दादरला दोन मिनिटांत दोन मुलं, मोठी बॅग आणि आत्याने दिलेली पिशवी चढवायची नाही. सोमवारी शाळा आहे, गणवेश निघायच्या आधीच इस्त्री करून ठेवा.