गाडी उंच करण्याआधी मागचे पाटे तपासा

बोलेरो, जिप्सी किंवा 2010 ते 2020 मधली जुनी थार उंच करायची म्हटली की पहिली चौकशी लिफ्ट किटच्या भावाची होते. त्याआधी मोजायची टेप काढा. पाटे (मागच्या एक्सलवर गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) 30 मिमी बसलेले, म्हणजे दबलेले, असतील आणि त्यांवर 50 मिमीची किट चढवली, तर मूळ उंचीपेक्षा फक्त 20 मिमीच पदरात पडतात, वर थकलेला पाटा तसाच राहतो. नवे पाटे घातल्यावर कित्येकांना किट लागतच नाही.

गाडी रिकामी करून सपाट सिमेंटवर उभी करा, टायरांत हवा सारखी ठेवा. मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. 10-12 मिमीहून जास्त फरक आला तर एक बाजू बसली आहे असं धरा. मग पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून एक्सलपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. इथे फरक असेल तर सेंटर बोल्ट (पाट्यांचा संच मधोमध जोडणारा बोल्ट) तुटून एक्सल सरकला असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी तिरकी पळते.

कोकणात पाटा वजनाने बसतो त्याहून जास्त गंजाने मरतो. खारा वारा, चार महिने पाऊस आणि पाट्यांच्या फटीत अडकलेला लाल चिखल. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे पाटे एकमेकांपासून फाकतात आणि पृष्ठभागावर खड्डे पडतात. तडा तिथूनच सुरू होतो. तारेच्या ब्रशने घासून, डिझेलने पुसून बॅटरीच्या उजेडात बघा. संशयाच्या जागा दोन: पाट्याच्या टोकाच्या गोल डोळ्याजवळ, जिथे बुश (बोल्टभोवतीचं अस्तर, बहुधा रबरी) बसतो, आणि सेंटर बोल्टच्या भोकापाशी. दुसरी जागा यू-बोल्टच्या (पाटा एक्सलला आवळणारा U आकाराचा बोल्ट) प्लेटखाली लपलेली असते, म्हणून ती उघडल्याशिवाय पाटा चांगला आहे असं म्हणू नका. तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडू नये, उष्णतेने त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. नुसता बसलेला, खड्डे नसलेला पाटा कमान मारून (पुन्हा बाक देऊन) घेता येतो, पण तो नव्याइतका टिकत नाही.

सामान: दोन्ही बाजूंचे पाटे (एकच बदलू नका), चार नवे यू-बोल्ट नटांसह, शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारा हलता दुवा) व त्याचे बोल्ट, बुश. बहुतेक गाड्यांत बुश दर बाजूला तीन ठिकाणी असतात. जुने यू-बोल्ट एकदा आवळून ताणलेले असतात, ते परत वापरू नका. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दोन रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरीही बोल्ट बुशच्या नळीतच धरून बसला असेल, तर हातोड्याने वेळ घालवण्यापेक्षा ग्राइंडरने कापलेला बरा.

मागची चाकं उचलली की हँडब्रेक निरुपयोगी, म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा. जॅकखाली जाड फळी. चासी (गाडीचा सांगाडा) लोखंडी स्टँडवर टेकवा. जांभ्याचा चिरा स्टँड म्हणून वापरू नका, भाराखाली तो फुटतो. दुसरा जॅक एक्सलखाली ठेवा, नाहीतर एक्सल ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळेल. एका वेळी एकच बाजू खोला: शॉकअपचं खालचं टोक, यू-बोल्ट, मग शॅकल, शेवटी पुढचा बोल्ट. सुटा संच उघडायचा झाला तर आधी शिकंजात आवळा, सेंटर बोल्ट निघताच पाटे उसळतात.

बसवताना आधी पुढचा डोळा, मग शॅकल. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात नीट बसलंय हे हाताने चाचपून बघा. चुकलं तर यू-बोल्ट कितीही आवळले तरी एक्सल सरकणारच. यू-बोल्ट कोपऱ्याकोपऱ्याने, थोडे थोडे, गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कपर्यंत (आवळण्याच्या जोरापर्यंत). रबरी बुश असतील तर डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट आता हलकेच लावा, गाडी चाकांवर उतरवून शेवटचं आवळा. हवेत आवळले तर रबर पिळलेल्या स्थितीतच अडकतं आणि लवकर फाटतं. जुनं इंजिन ऑइल पाट्यांवर ओतायची सवयही सोडा, ते या रबराचं वाटोळं करतं.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा. आठवडाभर चालवून पाटे स्थिरावले की परत मोजा. उंची तेव्हाही कमी वाटली तरच किट. मग मात्र शॉकअपची लांबी, ब्रेकची नळी आणि प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या एक्सलला ताकद नेणारा दांडा) क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, कोन यांचाही हिशेब धरा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं, तेव्हा आरटीओत आधीच विचारून घ्या.