फुटलेल्या विरोधी पक्षाचं राष्ट्रपती निवडणुकीतलं वजन कसं काढायचं

पक्ष फुटला की पुण्यात कट्ट्याकट्ट्यावर हिशेब सुरू होतो तो डोक्यांचा: या गटाकडे इतके आमदार, त्या गटाकडे तितके. राष्ट्रपती निवडणुकीत डोकी मोजून भागत नाही. मताचं मूल्य काढावं लागतं.

आधी आमदार. महाराष्ट्राची १९७१ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला विधानसभेच्या २८८ जागांनी भागा, मग १०००ने. उत्तर १७५. कसबा, कोथरूड, पर्वती धरून पुणे शहरातले आठ आमदार मिळून १,४०० झाले. खासदारासाठी देशभरातल्या आमदारांचं एकूण मूल्य निवडून येणाऱ्या खासदारांच्या संख्येने भागायचं. २०२२मध्ये ५,४३,२३१ भागिले ७७६, म्हणजे ७००. अख्खं पुणे शहर दोन खासदारांइतकं! जम्मू-काश्मीरची विधानसभा तेव्हा नव्हती, म्हणून २०१७चे ७०८ उतरून ७०० झाले; तेव्हा जुना आकडा पुढच्या वेळी तसाच उचलू नका. विधान परिषदेचे आणि नामनियुक्त सदस्य यादीतून वगळा. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो.

आता फूट. एक आमदार पलीकडे गेला की इकडचे १७५ कमी होतात आणि तिकडे १७५ वाढतात, म्हणजे फरक ३५०चा पडतो. तो गैरहजर राहिला किंवा मत बाद झालं, तर फरक १७५चाच. मतदान गुप्त असतं, पक्षाला व्हिप काढता येत नाही. म्हणून गटनेत्याने दिलेला आकडा कधीच पक्का धरू नये.

मग हे वजन दोन्ही उमेदवारांमधल्या अंतराशी ताडून बघा. २०२२मध्ये शिवसेना फुटली, खासदारांचा आग्रह झाला आणि उद्धव ठाकरे यांनी द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा दिला. सेनेचं सगळं मूल्य साधारण २५ हजार. मुर्मू आणि यशवंत सिन्हा यांच्यातलं अंतर २,९६,६२६. निकाल काही त्यामुळे ठरला नाही. विरोधकांची एकी मात्र मतदानाआधीच विस्कटली, आणि आमच्या मते फुटीचं खरं नुकसान तेच.

लढत अटीतटीची असेल तर १९६९ची मोजणी समोर ठेवा. काँग्रेस दुभंगलेली, विरोधकही एका बाजूला नाहीत: डावे व्ही. व्ही. गिरींकडे, जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष चिंतामणराव देशमुखांकडे. या निवडणुकीत मतदार उमेदवारांपुढे १, २ असा पसंतीक्रम लिहितो. पहिल्या पसंतीची मतं गिरींना ४,०१,५१५, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, ४,१८,१६९; गिरींना १६,६५४ कमी पडत होती. बाद झालेल्या उमेदवारांची दुसऱ्या पसंतीची मतं वाटली गेली, त्यात बहुतेक रेड्डींकडे वळली, पण १८,५६२ गिरींना मिळाली. तेवढ्यावर ते ४,२०,०७७ला पोचले.

म्हणून तिसरा उमेदवार उभा असेल तर फुटीर गटाकडे दुसरी पसंतीही मागावी. मतपत्रिकेवर १ लिहिणं सक्तीचं, २ ऐच्छिक. मागितली नाही तर रकाना कोरा राहतो. लिहायचं ते अंकातच. अक्षरी ‘एक’ लिहिलं, किंवा दोन नावांपुढे १ लिहिला, तर मत बाद.