लेथ घरी आणलाय? मग या चुका टाळा

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास माझ्या गॅरेजचं शटर कोणी ना कोणी वाजवतंच. कुणाच्या रुमालात गुंडाळलेला छोट्या इंजिनाचा सिलिंडर असतो, कुणाच्या हातात अर्धा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. बाकीचा अर्धा जॉबमध्ये, म्हणजे ज्या तुकड्यावर काम चाललंय त्यात. सातपूरच्या एका टूलरूममध्ये मी ३१ वर्षं काढली. आता पाथर्डी फाट्याजवळच्या घरात एक छोटा लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापायचं यंत्र), एक बेंच ड्रिल आणि एक वाइस आहे, आणि त्यावर मी वाफेची लहान इंजिनं करतो. नाशिकसारखं गाव या छंदाला शोधून सापडायचं नाही. सातपूर-अंबडला पितळ, गनमेटल (तांबं-कथलाचा मिश्रधातू), ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी सळई) तुकड्यावर मिळतो, तांबट लेनमध्ये तांब्याचं काम पिढ्यान् पिढ्या करणारी माणसं आहेत, आणि ओझरच्या विमान कारखान्यात किंवा एमआयडीसीत नोकरी केलेला एखादा कसबी माणूस प्रत्येक गल्लीत निघतो. तरी येणाऱ्यांच्या चुका त्याच त्या.

त्याचं कारण मला एकच दिसतं. कंपनीत जॉब झाला की इन्स्पेक्शनचा माणूस तो मोजतो, मापात नसेल तर बाजूला टाकतो. घरी तो माणूस नसतो. घरी आपणच जॉब करतो आणि आपणच ‘चालून जाईल’ म्हणतो. म्हणून मी प्रत्येकाला आधी विचारतो, जॉब मोजला का, आणि कधी मोजला?

‘कधी’ विचारायला कारण आहे. लेथवरून नुकता उतरलेला ॲल्युमिनियमचा पिस्टन हाताला चटका देतो. तशाच गरम पिस्टनवर मायक्रोमीटर लावून माप बरोबर आलं म्हणून मुलं खूश होतात. २५ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पिस्टन ७० अंशांवरून २५ अंशांवर आला की व्यासात जवळजवळ अडीच शतांश मिलिमीटरने लहान होतो. सकाळी तो सिलिंडरमध्ये खडखडतो आणि मग दोष लेथवर जातो. शेवटचा कट घ्यायच्या आधी चहाला जा. एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा तर मी शेवटचा कट पहाटेच घेतो.

ॲसिडची बाटली

आता ज्या चुकीने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं ती.

सात-आठ वर्षांपूर्वी जुलैमध्ये बीडाच्या एका जुन्या फ्लायव्हीलचा गंज काढायला मी संडास साफ करायचं ॲसिड आणलं. काम झालं, बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि बाटली बेंचखालच्या कपाटात ठेवली. त्याच आठवड्यात भाचीच्या साखरपुड्याला पुण्याला गेलो, तिथे नऊ दिवस राहिलो. इकडे झड लागलेली, गॅरेज बंद. परत येऊन शटर वर केलं तर आधी वास आला, जुन्या लोखंडी पुलाखाली उभं राहिल्यावर येतो तसा. मग दिवा लावला. लेथचा बेड, म्हणजे खालचा लांब पाया, नारिंगी झाला होता. जॉब पकडणाऱ्या चकचे जबडे, टेलस्टॉकची नळी, टांगलेले ड्रिल, सगळ्यावर हळद पुसल्यासारखा थर. कपाट उघडलं तर भोक मापात आणायचे माझे सहा रीमर धारेच्या कडेला खरबरीत झालेले, आणि नोकरीला लागल्यावर दुसऱ्या पगारातून घेतलेल्या मायक्रोमीटरचा स्पिंडल फिरेना. तो मायक्रोमीटर मी अजून ठेवलाय. मोजायला नाही, येणाऱ्या मुलांना दाखवायला.

त्या बाटलीतून एक थेंबही सांडला नव्हता. हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ झाकणाच्या आट्यांतून निसटत राहते, दमट हवेत मिसळते आणि खोलीतल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर बसते. झाकण कितीही पिळा. डाख देताना वापरतात ते ॲसिड असो की नवसागर, त्यांचीही हीच तऱ्हा. म्हणून माझ्याकडे नियम एकच आहे: ॲसिड वर्कशॉपच्या छपराखाली येणार नाही. ते गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, प्लास्टिकच्या बादलीत. काम असेल तर जॉब घेऊन मी वर जातो, ॲसिड खाली येत नाही. तांबं-पितळ साफ करायला तर त्याची गरजच नाही. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, कोमट पाण्यात चार चमचे टाका आणि जॉब अर्धा तास बुडवून ठेवा.

पावसाळ्याचं बाकीचं थोडक्यात सांगतो. लेथवर प्लास्टिक टाकू नका, खाली घाम धरतो. जुनी सुती चादर टाका. जूनच्या पहिल्या आठवड्यात बेडवर जाड मशीन ऑइल हाताने चोळा आणि सप्टेंबरपर्यंत दर रविवारी पुन्हा चोळा, त्या दिवशी काम केलं असो वा नसो. मोजायच्या साधनांच्या डब्यात मी कापराच्या दोन वड्या ठेवतो. टूलच्या कपाटात झिरोचा बल्ब चोवीस तास चालू असतो, पण तो जुना, तारेचा, गरम होणारा हवा. एलईडीने कपाट उजळेल, कोरडं होणार नाही.

टॅप का तुटतो

घाईने तुटतो, दुसरं कारण क्वचितच असतं. एम ३, म्हणजे ३ मिलिमीटरच्या स्क्रूच्या आट्यांना २.५ चं ड्रिल लागतं, एम ४ ला ३.३, एम ५ ला ४.२. हे तक्ते सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत, तरी मुलं ‘आटे घट्ट बसतील’ म्हणून भोक बारीक ठेवतात. पितळेत तर मी एम ३ ला २.६ चं भोक पाडतो, आटे पुरेसे मिळतात आणि टॅप सुटा फिरतो. टॅप तीनच्या सेटमध्ये येतो तो काही दुकानदाराच्या फायद्यासाठी नाही. पहिला टॅप वाट धरतो, तिसरा तळापर्यंत जातो. वाट न धरताच तिसरा घातला की तो तिरका चढतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, किस (कापलेल्या धातूचा भुगा) तुटल्याचं बोटांना जाणवलं की मगच पुढे. पोलादाला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेल, पितळ कोरडंच बरं. आणि टॅप सरळ धरता येत नसेल तर ड्रिल मशीनच्या चकमध्ये टॅप धरा, मशीनची विजेची पिन काढून ठेवा आणि चक हाताने फिरवा. मी ४० वर्षं असंच करतोय, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

पितळेत किंवा गनमेटलमध्ये तुटलाच, तर छिन्नीने ठोकू नका. तुरटीचं दाट पाणी करा, जॉब त्यात बुडवा आणि भांडं मंद आचेवर ठेवा. तुरटीचं पाणी पोलाद खातं, पितळेला धक्का लावत नाही. साध्या कार्बन स्टीलचा टॅप तासातासाने काळा पडून भुसभुशीत होत जातो. हायस्पीड स्टीलला बराच जास्त वेळ लागतो. भांडं स्टीलचं घेऊ नका, काचेचं किंवा चिनी मातीचं घ्या. जॉबच पोलादाचा असेल तर हा उपाय विसरा.

बॉयलरला डाख

यावर मी आवाज चढवतो, आणि तो चढवायलाच हवा असं मला वाटतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर डिप्लोमाला शिकणारा एक मुलगा बॉयलर घेऊन आला. तांब्याची ७५ मिलिमीटरची नळी, दोन्ही टोकांना तांब्याच्या चकत्या, वर सेफ्टी व्हॉल्व्ह, बाहेरून आरशासारखा पॉलिश केलेला. म्हणाला, ‘काका, संध्याकाळी पंक्चरवाल्याकडून हवा भरून टेस्ट करतो आणि उद्या पेटवतो.’ मी सांधा नखाने खरवडला. नरम. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला साधा डाख लावला होता त्याने.

मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि कागद पुढे ठेवला. ७५ मिलिमीटरच्या चकतीचं क्षेत्रफळ ४४ चौरस सेंटिमीटर. आत ५ किलो प्रेशर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो, आलं की त्या चकतीला बाहेर ढकलणारा जोर २२० किलो होतो. तीन-चार माणसं त्या टोकाला लाथ मारत असल्यासारखं. शिवाय ३ किलो प्रेशरची वाफ जवळपास १४३ अंशांची असते आणि साधा डाख १८३ अंशांना नरम पडायला लागतो. पाणी भरलेलं आहे तोवर हे ४० अंश पुरतात. पाणी खाली गेलं, ज्योत कोरड्या तांब्याला लागली, की डाख पाण्यासारखा वाहतो.

तो गप्प झाला, पण पटलेलं दिसत नव्हतं. मग त्याचा बॉयलर आम्ही पाण्याने काठोकाठ भरला, हवेचा एक बुडबुडा राहू दिला नाही, आणि माझा हातपंप आणि गेज जोडला. दोन किलो, काही नाही. तीन किलो, काही नाही. चारला पुढच्या सांध्यातून केसासारखी एक धार निघाली. पाचला काटा पोहोचता पोहोचता चकती सुटली, टप्पकन माझ्या चपलेशेजारी पडली आणि दोघांचे पाय भिजले. बस, एवढंच. पाणी दबत नाही, त्यामुळे सांधा सुटला की जोर तिथेच संपतो. त्याजागी पंक्चरवाल्याची हवा असती तर ती चकती कुठे गेली असती हे मी त्याला सांगितलं नाही. तो चकतीकडेच बघत होता. आम्ही ती उलटी केली. डाख फक्त बाहेरच्या काठावर नखाएवढा लागला होता, आतला सगळा भाग कोरडा तांबूस.

तर बॉयलर तांब्याचाच, आणि सांधे सिल्व्हर ब्रेझिंगचेच, म्हणजे चांदी असलेल्या कांडीने जास्त तापमानाला जोडलेले. वरच्या फिटिंगलाही पितळ नको, कारण गरम पाण्यात आणि वाफेत पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे भुसभुशीत तांबं उरतं. तिथे गनमेटल किंवा ब्राँझ लावा. ब्रेझिंगची कांडी कॅडमियम नसलेली मागून घ्या. कॅडमियमचा धूर विषारी आहे, आणि काम तसंही मोकळ्या हवेतच करा. ही कांडी ६०० अंशांच्या वर वितळते, आणि तांबं उष्णता इतकी पळवतं की एका छोट्या टॉर्चने तासभर झटलात तरी सांधा लाल होत नाही. बॉयलरभोवती भट्टीच्या विटा रचा, दोन टॉर्च घ्या, दुसरा धरायला शेजारी कुणीतरी असू द्या. कांडी ज्योतीत वितळवून सांध्यावर टपकवू नका. सांधा तापवा, कांडी नुसती टेकवा, ती स्वतः आत ओढली जाईल. त्यासाठी फटीत पाच ते दहा शतांश मिलिमीटरची जागा लागते. ठोकून घट्ट बसवलेल्या सांध्यात काही शिरत नाही.

टेस्ट नेहमी थंड पाण्याने, चालवायच्या प्रेशरच्या दुप्पट. हवेने कधीच नाही. त्या मुलाने पुढे तीन महिने घेतले, त्याचा नवा बॉयलर आठ किलोला कोरडा राहिला आणि तो चार किलोवर चालवतो.

एकेका ओळीच्या

फेसिंग केल्यावर, म्हणजे जॉबचं तोंड सपाट कापल्यावर, मधोमध टोक राहत असेल तर टूल सेंटरला, म्हणजे जॉबच्या मध्याच्या उंचीला नाही. सहा इंची पट्टी गोल जॉब आणि टूलच्या टोकामध्ये हलकी दाबा. पट्टीचा माथा आपल्याकडे झुकला तर टूल खाली आहे, पलीकडे झुकला तर वर. टूलखालच्या पॅकिंगला तुटलेल्या हॅकसॉ ब्लेडचे तुकडे उत्तम.

ट्रू चकमधून (तीन जबडे एकत्र सरकणारा) जॉब काढून परत लावला की तो पहिल्यासारखा फिरेल ही आशा सोडा. डॉग चक (चार जबडे वेगवेगळे सरकणारा) आणि डायल गेज (जॉब किती हलतो ते काट्यावर दाखवणारं) घ्या, दहा मिनिटं जातात.

पितळेत ड्रिल ओढलं जातं, म्हणून पितळेची ड्रिल वेगळी ठेवा आणि त्यांची धार ऑइलस्टोनवर किंचित बोथट करा.

व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट गनमेटलच्या सिलिंडरला लावू नका. तिचे खडे नरम धातूत रुततात आणि पुढे पिस्टन घासत राहतात.

चकची किल्ली हातातून सुटली तर ती बेंचवर पडली पाहिजे, चकमध्ये राहता कामा नये. चकमध्ये किल्ली असताना मोटर चालू केली तर ती उडून कुणाच्या तोंडावर बसेल हे कुणीच सांगू शकत नाही.

हातमोजे घालून लेथवर उभं राहायचं नाही. त्र्यंबकेश्वरला बांधलेला मनगटातला धागाही काढून खुंटीला टांगायचा. आमच्या टूलरूममध्ये एकाच्या मनगटातला असा धागा फिरत्या जॉबने ओढला, धागा जुना होता म्हणून तुटला आणि हात राहिला. तेव्हापासून माझा धागा देवघरात असतो. नवीन येणाऱ्यांना हे बोललेलं आवडत नाही, तरी मी शटरपाशीच हात बघतो.

आणि खंडेनवमी. त्या दिवशी मी चक उतरवून धुतो, क्रॉस स्लाइड काढून आतला वर्षभराचा किस झाडतो, ऑइल बदलतो आणि मग पूजा करतो. दरवर्षी कुणाच्या तरी लेथच्या बेडवर मला रुपयाएवढा काळा डाग दिसतो, ओलं हळदकुंकू आणि झेंडूचं फूल रात्रभर तिथे राहिल्याचा. घासून घासूनही तो जात नाही. हळदकुंकू मोटरच्या रंगवलेल्या कव्हरवर लावा, फुलं हेडस्टॉकवर कोरड्या कागदावर ठेवा, आणि बेडला त्या दिवशी फक्त तेलाचं बोट.