वाचलेलं धंद्यात उतरवायचं असेल तर

व्यवसायाची पुस्तकं वाचताना खुणा सगळेच करतात, पण पुस्तक मिटलं की त्या आतच राहतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवून दिलं होतं, की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच झपाट्याने विसरतं. म्हणून आवडलेला परिच्छेद लगेच गूगल लेन्सने टिपा. छापील मराठी मजकूरही तो ओळखून कॉपी करू देतो. जोडाक्षरं मात्र एकदा नजरेखालून घाला. मजकूर नोट्समध्ये टाकलात की त्याच्या वर स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहा: मी काय करणार, कधी करणार.

समजा पुस्तक म्हणतं, ‘जुना ग्राहक जपा.’ तुमची ओळ असेल, ‘मंगळवारी सकाळी १० वाजता, सहा महिन्यांत ऑर्डर न दिलेल्या ५ ग्राहकांना फोन.’ ती तशीच फोनच्या कॅलेंडरमध्ये रिमाइंडरसह टाका. माझ्या मते खरं वाचन इथे सुरू होतं. तारीख टाकता येत नसेल, तर तो विचार तूर्त सोडून द्या, कितीही भारी वाटला तरी.

किंडल या ई-बुक वाचायच्या यंत्रावर वाचत असाल तर फोटोही नको. यूएसबी केबलने संगणकाला जोडा. त्यावर केलेले हायलाइट ‘माय क्लिपिंग्ज’ या एकाच फाइलमध्ये सापडतात.