विद्युत स्पंदांनी वनस्पतींचा अर्क काढताना या चुका टाळा

स्पंदित विद्युत क्षेत्र, म्हणजे पीईएफ, पेशीपटलाला छिद्रं पाडतं. आतले रंग आणि फिनॉल (वनस्पतींमधली एक प्रकारची संयुगं) त्यातून बाहेर येतात. अर्क कमी निघाला की लगेच व्होल्टेज वाढवलं जातं. दोष बहुतेकदा दुसरीकडेच असतो.

आधी माल तपासा. वाळलेल्या किंवा गोठवून वितळवलेल्या मालात पटल आधीच फाटलेलं असतं, त्यामुळे पीईएफचा फारसा उपयोग होत नाही. ताजाच माल घ्या.

वनस्पतींच्या पेशी मोठ्या असतात, त्यामुळे सेंटिमीटरला 1 ते 3 किलोव्होल्ट सहसा पुरतात. 20-30 किलोव्होल्टचे आकडे रसातले जिवाणू मारण्यासाठी असतात, ते इथे उचलू नका. व्होल्टेज मात्र इलेक्ट्रोडवरच, उच्च-व्होल्टेज प्रोब लावून ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) मोजा. चिरलेल्या फोडींचा रस पाण्यात उतरला की वाहकता वाढते, प्रवाह वाढतो आणि विद्युत क्षेत्र कमी होतं. वीजपुरवठ्याच्या डिस्प्लेवर ते दिसेलच असं नाही. फोडी एकदा खळबळून घ्या आणि स्वच्छ, कमी क्षारांचं पाणी भरा.

ठिणगी उडत असेल तर हवेचा बुडबुडा शोधा. चेंबर खालून सावकाश भरा, फोडी पूर्ण बुडवा. अल्कोहोल या टप्प्यावर अजिबात नको, ते पेट घेऊ शकतं. झाकण उघडण्याआधी कपॅसिटर डिस्चार्ज करून अर्थिंग लावाच. पुरवठा बंद केला तरी त्यात विद्युतभार उरतो.

किती स्पंद द्यायचे हे अंदाजाने ठरवू नका. समजा बीट आणि पाणी मिळून 200 ग्रॅम, इलेक्ट्रोडमधलं अंतर 4 सेंटिमीटर, व्होल्टेज 4 किलोव्होल्ट, कपॅसिटर 1 मायक्रोफॅरड. एका स्पंदात जास्तीत जास्त 8 जूल जातात. किलोला 5 किलोजूल द्यायचे तर 1000 जूल, म्हणजे 125 स्पंद. यात तापमान जेमतेम सव्वा अंशाने वाढतं. ते त्याहून बरंच चढलं, तर ऊर्जा जास्त जाते आहे.

खरी कसोटी फोडीच्या वाहकतेची. प्रक्रियेआधीची, नंतरची आणि गोठवून वितळवलेल्या फोडीची वाहकता कमी वारंवारितेवर, साधारण 1 किलोहर्ट्झला मोजा. नंतरच्या आकड्यातून आधीचा वजा करा, त्याला गोठवलेला वजा आधीचा या फरकाने भागा. उत्तर शून्याजवळ आलं तर पटल शाबूत आहे किंवा छिद्रं पुन्हा मिटली आहेत. क्षेत्र किंवा स्पंद वाढवा. 1 च्या जवळ असूनही अर्क फिका असेल, तर व्होल्टेजला हात लावू नका. द्रावक, वेळ आणि ढवळणं पाहा: बीटाचा रंग पाण्यात उतरतो, गाजराचं कॅरोटीन कितीही छिद्रं पाडली तरी नुसत्या पाण्यात विरघळत नाही.